गुडघ्यावरचा फेटा

"घरात मांजर आहे का?" डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मी पँट गुडघ्याच्या वर ओढून बसलो होतो आणि भिंतीवरचं त्वचेचं चित्र बघत होतो. डॉक्टरांच्या नजरेला नजर द्यायची नसली की असली चित्रं फार उपयोगी पडतात.

"आहे," मी म्हणालो. "म्हणजे, बायकोची आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मघाशी गुडघ्यावरच्या चट्ट्याची कड बोथट पात्यानं खरवडली होती. तो कोंडा काचपट्टीवर घेऊन त्यावर औषधाचा थेंब टाकला होता आणि थोडं थांबून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. या तपासणीला केओएच म्हणतात. त्या थेंबानं त्वचेचा कोंडा विरघळतो आणि आत बुरशीचे धागे असले तर दिसतात. माझ्यात होते.

"टिनिया आहे हा. आपल्याकडे गजकर्ण म्हणतात. नायटाही म्हणतात. आणि मांजरावरून आलेला दिसतोय. तुम्ही काम काय करता?"

"फेटे बांधतो. लग्नात, मिरवणुकीत."

"लोकांच्या डोक्यावर?"

"नाही. गुडघ्यावर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्या गुडघ्याकडे बोट करून विचारलं, "याच?"

"याच."

मग त्या म्हणाल्या, "मागच्या काही महिन्यांत तुम्ही फेटा दिलेल्या कुणाच्या कपाळावर किंवा केसांत असं काही उठल्याचं कानावर आलंय का? आठवून सांगा."

आठवायची गरज नव्हती. एकाचं कपाळ लगेच डोळ्यांपुढे आलं.

"नाही," मी म्हणालो.

माझं नाव सुभाष. मुकुंदवाडीत स्टेशनच्या अलीकडे आमचं घर आहे. आधी कंपनीत होतो, ती बंद पडल्यावर फेट्यांवर आलो आणि त्यातच रमलो. माझ्या फेट्याचा तुरा जेवणाच्या पंगतीपर्यंत ताठ राहतो, हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचो. अजूनही सांगतो. पण आता जरा हळू आवाजात.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वऱ्हाडातल्या प्रत्येकाला समोर उभं करून डोक्यावर फेटा बांधत बसलं, तर मुहूर्त टळून जाईल. म्हणून आम्ही आदल्या दिवशी घरीच फेटे तयार करतो. स्टुलावर बसायचं, गुडघा उभा करायचा आणि त्या गुडघ्यालाच माणसाचं डोकं समजून कापड गुंडाळायचं. तुरा काढायचा, मागं शेमला सोडायचा, टाचण्या लावायच्या आणि अलगद उचलून खोक्यात ठेवायचं. मांडवात पाहुणे टोपीसारखा फेटा घालतात. त्यांनाही बरं, आम्हालाही बरं. मी हे काम घरात बनियन आणि बर्म्युडावर करायचो, कारण उघड्या गुडघ्यावर कापड सरकत नाही. ही युक्ती माझी स्वतःची, आणि तिचाही मला अभिमान होता.

मांजर माझ्या बायकोनं, सुनंदानं आणली. नाव ठकी. लग्नसराई संपली की फेटे धुऊन गाठोड्यात बांधून ठेवतो, त्या गाठोड्याची गाठ एकदा सैल राहिली आणि ठकी आत शिरून व्याली. फेट्यांच्या मऊ कापडात तीन पिल्लं. सुनंदानं शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवली. मीही फोटो काढले. पिल्लांच्या कानांवरचे केस गेलेले होते आणि तिथं राखेसारखा कोंडा होता. एकाच्या पंजावर नाण्याएवढं टक्कल होतं.

"केस बदलायलेत त्यायचे," सुनंदा म्हणाली आणि खोबरेल तेल लावलं.

मलाही ते पटलं. पिल्लं खाजवत नव्हती, दूध पीत होती, उड्या मारत होती. आजारी जनावर मलूल होऊन कोपऱ्यात बसतं एवढीच आमची समजूत. पुढं पिल्लं एका धान्याच्या दुकानदारानं उंदरांसाठी मागून नेली. मी गाठोड्यातले फेटे गच्चीवर झटकले, इस्त्री फिरवली आणि पुन्हा घड्या घातल्या. धुतले नाहीत. नुकतेच धुऊन ठेवले होते ना.

माझ्या गुडघ्यावर पहिलं उठलं ते डास चावल्यासारखं. मग ते गोल झालं. कड लालसर, उचललेली, बारीक खपल्यांची, आणि मधला भाग बराच बरा दिसणारा. खाज अशी की फेटा गुंडाळताना कापड घासलं की बरं वाटायचं. हे मी आज लिहितोय आणि लिहितानाही कान तापतात. मी फेटा जरा जास्तच आवळून बांधायचो, कारण त्यानं खाज मिटायची.

डॉक्टरकडे का गेलो नाही? लाज. आमच्याकडे गजकर्ण म्हटलं की लोक आधी माणसाच्या अंघोळीची चौकशी करतात. फेटेवाल्याला नायटा आहे ही बातमी मुकुंदवाडीतून चिकलठाण्याला पोचायला चहा थंड होण्याएवढाही वेळ लागला नसता. मी बर्म्युडा घालून दारात उभं राहणं सोडलं. गल्लीच्या तोंडाशी मेडिकल आहे, तिथं गिऱ्हाईक नाही असं बघून गेलो आणि खालच्या आवाजात "खाजेची ट्यूब" मागितली. मेडिकलवाल्यानं काही न विचारता दिली. मलाही तेच हवं होतं.

ट्यूब जादूची होती. चार-सहा दिवसांत लाली गेली, खाज गेली. मी लावायचं सोडलं. चट्टा परत आला, आधीपेक्षा मोठा. पुन्हा लावली, पुन्हा गेला, पुन्हा आला. हळूहळू त्याचा गोल आकार मोडला, कड फिसकटली आणि मांडीकडं पसरला. डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं की अशा ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड म्हणजे सूज आणि खाज दाबणारं औषध. शरीर बुरशीशी भांडत असतं, म्हणून तर लाली येते. ते भांडण दाबलं की वरून बरं दिसतं आणि बुरशी आत पसरत राहते. मग चट्टा ओळखूही येत नाही. त्याला त्या टिनिया इनकॉग्निटो म्हणाल्या, म्हणजे वेष पालटलेलं गजकर्ण.

आता त्या कपाळाकडे येतो.

माझी थोरली बहीण शोभाताई फुलंब्रीला असते. तिची मुलगी अश्विनी, माझी एकुलती एक भाची. तिचं जमलं ते पैठणकडच्या विशालशी. मुलगा वाळूजला कंपनीत, कमी बोलणारा, डोळे खाली ठेवून हसणारा. साखरपुड्याचे फेटे अर्थातच माझे. बाकीच्यांचे एका दमात बांधले, पण विशालचा फेटा मी मन लावून बांधला. तुरा मनासारखा येईना म्हणून सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. सगळ्यात जास्त वेळ माझ्या गुडघ्यावर राहिलेला फेटा तोच. अन् तो घालून पोरगा सबंध दुपार घामात बसला होता.

काही आठवड्यांनी शोभाताईचा फोन आला. "सुभाष, त्या पोराच्या कपाळावर काय तरी उठलंय रे. केसं बी झडायलेत समोरची. दाजी लई बिघडलेत."

दाजी म्हणजे तिचे यजमान. त्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "आधीचंच असंल ते. झाकून ठेवलं त्यायनी. कुणी म्हणतंय कोड हाय, कुणी म्हणतंय त्याच्याहून वंगाळ. माझी एकच लेक हाय, सुभाष. अशा घरात नाय द्यायची मला."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "नीट चौकशी करायला पाहिजे."

हे बोलताना माझा एक हात गुडघा खाजवत होता. शप्पथ सांगतो, तेव्हा मला दोन्हींचा संबंध लागला नव्हता. पण संबंध लागू नये अशी इच्छा होती का, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढं माझ्या मनगटावर नवा चट्टा उठला. मनगट काही पँटीत लपत नाही, आणि अश्विनीच्या लग्नाचे फेटे तोंडावर आलेले. म्हणून अखेर त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथल्या बाकावर बसलेला प्रत्येक जण मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. एक बाई ओढणी कपाळापर्यंत ओढून होती. माझ्या ओळखीचा एक मंडपवाला आत आला, मला बघून थबकला आणि म्हणाला, "हिला दाखवायला आणलंय." हिचा कुठं पत्ता नव्हता. मीही म्हणालो, "मी पण." दोघांनी माना हलवल्या आणि पुन्हा मोबाईल काढले.

तिथून पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी "नाही" म्हणालो.

बाईंना पटलं असेल असं वाटत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "घरातल्या सगळ्यांना घेऊन या. मांजर प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. एकट्यानं औषध घेऊन हे जात नाही. आणि तोपर्यंत एकही फेटा बाहेर द्यायचा नाही."

घरी येऊन मी सुनंदाला सांगितलं की उद्या ठकीला गोणीत घालून लांब सोडून येतो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मांजर सोडायची तर तुमी बी तिच्यासंगंच ऱ्हावा तिथं."

म्हणून दुसऱ्या दिवशी सिडकोतल्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. पिंजरा नव्हता. सुनंदानं ठकीला त्या गाठोड्यातल्याच एका जुन्या केशरी फेट्यात गुंडाळून तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरलं होतं. रिक्षावाला आरशातून बघत होता.

डॉक्टर तरुण होते. ठकीचे कान, ओठांभोवतीची जागा, पंजे, शेपटीचं मूळ, सगळं त्यांनी केस बाजूला करून बघितलं. मला तर ती धडधाकटच दिसत होती. एका कानाच्या टोकाला केस विरळ होते, एवढंच. "मोठ्या मांजरीत काही वेळा एवढंच दिसतं," ते म्हणाले. "काही वेळा तेही दिसत नाही. ती स्वतः ठणठणीत असते आणि इतरांना देत राहते."

मग त्यांनी दिवे बंद केले आणि एक जांभळा दिवा लावला. त्याला वुड्स लॅम्प म्हणतात. मांजरांमध्ये आढळणारी एक बुरशी केसाला धरली असली, तर त्या दिव्याखाली केस हिरवा चमकतो. प्रत्येक वेळी चमकतोच असं नाही, त्यामुळं ते नंतर केस उपटून तपासायला पाठवणारच होते. पण ठकीच्या कानाचं टोक चमकलं. कच्च्या कैरीसारखं हिरवं.

"हं," डॉक्टर म्हणाले आणि दिवा बाजूला घेताना तो टेबलावर पडलेल्या फेट्यावरून गेला.

फेटा चमकला. सगळा नाही. केशरी कापड त्या उजेडात काळपट दिसत होतं आणि त्यात अडकलेले बारीक केस इथं-तिथं हिरवे पेटले होते. घडीत, पदरात, जिथं कपाळ येतं त्या पट्टीवर. झटकून, इस्त्री करून ठेवलेला माझा फेटा.

अंधारात सुनंदाचा आवाज आला. "विशालचं कपाळ."

बरं झालं अंधार होता.

बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत आम्ही झाडाखाली उभे राहिलो. तिनं ठकीला थोपटत, रस्त्याकडे बघत सांगितलं, "मला बी हाय. कमरेला, साडी खोचते तिथं. उन्हाळ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलले का?"

ती दुसऱ्या मेडिकलमधून ट्यूब आणायची, माझ्या ओळखीचा नको म्हणून. ट्यूब तीच. एका घरात, एका बिछान्यावर झोपणारी दोन माणसं एकमेकांपासून एकच चट्टा लपवून, एकच ट्यूब दोन दुकानांतून आणत होती. हसू आलं आम्हाला. तिला हसताना रडू आलं.

त्याच दुपारी शोभाताईचा फोन. विशालच्या घरचे दुसऱ्या दिवशी बोलायला येणार होते आणि दाजी त्यांना नकार देणार होते. "पोरगी जेवंना," ताई म्हणाली. "तू मामा हायेस. तू तरी ये."

रात्री काय झोप लागली असेल ते सांगत नाही. माझा धंदा जाईल हे एक. पण सगळ्यात जास्त भीती पँट वर करायची होती. तोंडानं सांगणं वेगळं आणि बहिणीच्या सासरच्या माणसांसमोर, होणाऱ्या व्याह्यांसमोर गुडघा उघडा करणं वेगळं. आणि दाखवल्याशिवाय कुणी मानणार नव्हतं. दाजींना वाटलं असतं, भाचीचं लग्न वाचवायला मामा गोष्ट रचतोय.

फुलंब्रीला बैठकीच्या खोलीत सगळे बसले होते. विशाल वडिलांसोबत आला होता. डोक्यावर टोपी, ती भुवयांपर्यंत ओढलेली. त्यानं पोह्यांना हात लावला नव्हता.

दाजींनी घसा साफ केला. "हे बघा पाव्हणं, वाईट वाटून घेऊ नका. पण शरीराची गोष्ट आधी सांगायला पायजे व्हती तुमी."

विशालचे वडील उसळले. "काय सांगायला पायजे व्हतं? साखरपुड्याच्या आधी त्याच्या अंगावर डाग नव्हता. पोरानं आरशात बघायचं सोडलंय. कंपनीत टोपी काढ म्हणले तर सुट्टी टाकून घरी आला. अन् तुमी आमालाच खोटं पाडायले?"

"मग आलं कुठून ते? आभाळातून?"

"माझ्याकडून," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि पँट वर करायला लागलो. घडी मांडीत अडकली, निघेना. मी वाकून ओढत राहिलो आणि कुणी हसलंही नाही. आतल्या दारात अश्विनी उभी होती. अखेर गुडघा बाहेर आला, लाल, खपल्या धरलेला, ट्यूब लावून लावून चकाकणारा. मग मनगट दाखवलं. मग मांजर, पिल्लं, गाठोडं, हिरवा उजेड, सगळं सांगितलं. विशालचा फेटा तीनदा सोडून बांधला तेही सांगितलं. सांगताना मी कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही, माझ्याच गुडघ्याशी बोलत होतो.

आधी दाजी बोलले. "अरे, तुला फोन केला तवा तू म्हणलास, चौकशी करा."

"म्हणालो."

"लाज नाय वाटली?"

"वाटली. म्हणून तर इतके दिवस..."

विशालचे वडील उठून उभे राहिले. मला वाटलं आता थोबाडीत बसते. ते नुसते म्हणाले, "माझ्या पोराला लोकं काय काय म्हणले, ते तुमी नाय ऐकलं," आणि परत खाली बसले. ते मारण्यापेक्षा जास्त लागलं.

मग विशालनं टोपी काढली. केसांच्या सुरुवातीला अर्धगोल चट्टा होता, बरोबर फेट्याच्या पट्टीच्या रेषेत. त्यातले केस मुळाशी तुटून खुरटे झाले होते. त्यानंही ट्यूब लावली होती, ते मी लगेच ओळखलं. त्यानं एकच विचारलं.

"मामा, जातं का हे?"

"जातं," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाल्या, जातं."

दोन दिवसांनी मी त्याला घेऊन त्याच डॉक्टरबाईंकडे गेलो. आत शिरल्या शिरल्या म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोललो. हेच ते कपाळ." त्यांनी मला रागावायला हवं होतं. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली आणि विशालला बसायला सांगितलं.

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते मी इथं लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी या क्षणी बाही खाली ओढून बसलेलं असणार. प्रत्येक टक्कल सारखं नसतं, त्या म्हणाल्या. चाई पडते तेव्हा केस गोल जागेत जातात, पण खालची कातडी गुळगुळीत असते, कोंडा नसतो. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. कोडात रंग जातो, कातडी तशीच मऊ राहते, आणि तेही लागत नाही, त्यात लपवण्यासारखंही काही नाही. सगळ्या डोक्यावरचे केस विरळ झाले तर थायरॉइड, रक्त कमी असणं, तापातून उठणं अशी कारणं निघू शकतात. गजकर्णाला कोंडा असतो, कड असते, खाज असते, केस तुटके असतात. डोक्यात सूज आली, पू झाला, तर वाट बघू नये, कारण तिथले केस कायमचे जाऊ शकतात. मोठ्या माणसाच्या डोक्यात हे क्वचित होतं. पण कापडानं घासलेल्या, घामेजलेल्या कपाळाला बुरशी धरली की ती तिथून केसांत चढू शकते. आणि हे सगळं घरबसल्या बघून ठरवायचं नाही, तपासून घ्यायचं.

जनावरांचंही तसंच, ठकीच्या डॉक्टरांनी सांगितलं. कुत्र्या-मांजरांचे केस पिसवांनी जातात, खरजेनं जातात, ॲलर्जीनं जातात, काहींचे सतत चाटून जातात. कान, नाक, पंजे इथं गोल टक्कल आणि राखेसारखा कोंडा दिसला की घरातल्या माणसांनी आपलीही कातडी बघावी. आणि जनावर बाहेर सोडू नये. सोडलं तर ते रोग घेऊनच दुसऱ्या दारात जातं.

औषध आम्ही सगळ्यांनी बरोबर घेतलं. मी, सुनंदा, विशाल आणि ठकी. आम्हाला गोळ्या आणि साधं, स्टेरॉइड नसलेलं मलम, गोळ्यांआधी रक्ताची तपासणी. ठकीला तिचं वेगळं औषध आणि औषधी पाण्यानं अंघोळ. ती अंघोळ म्हणजे आमच्या घरातली लढाई. माझ्या हातावर चट्टे कमी आणि ओरखडे जास्त झाले. ट्यूब बंद केल्यावर सुरुवातीला सगळं आणखी भडकलं. बाईंनी आधीच बजावलं होतं म्हणून टिकलो, नाहीतर पुन्हा मेडिकल गाठलं असतं. चट्टा दिसेनासा झाल्यावरही औषध चालूच ठेवायचं होतं. हाच तो टप्पा, जिथं माझ्यासारखे शहाणे थांबतात.

फेटे गरम पाण्यात काढले, कडक उन्हात वाळवले. जरीचे काही गरम पाण्यात टिकण्यासारखे नव्हते, ते टाकून दिले. त्यात माझे आवडते होते. मग फोन. ज्यांच्या कार्याला फेटे दिले होते त्यांना एकेक करून सांगितलं. धान्याच्या दुकानदाराकडे स्वतः गेलो. कुणी शिव्या दिल्या, कुणी म्हणालं बरं केलं सांगितलं, आमच्या नातवाच्या डोक्यात आहे. त्या नातवाचं ऐकून मी फोन ठेवला आणि बराच वेळ पुढचा नंबर लावला नाही. ती सराई मी घरी बसून काढली. गल्लीत लोक माझ्याशी हात मिळवताना आधी हाताकडे बघत.

लग्न मोडलं नाही, तारीख पुढं गेली. दाजी माझ्याशी कामापुरतं बोलायचे. फेट्यांचं काम विशालच्या वडिलांनी पैठणच्या दुसऱ्या माणसाला दिलं. त्यांनी मला विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. माझी कातडी तोवर स्वच्छ झाली होती, डॉक्टरांनी पुन्हा खरवडून बघून सांगितलं होतं. पण ते मांडवात कुणाकुणाला सांगत फिरणार?

लग्नाच्या दिवशी मी मामा म्हणून कोपऱ्यात उभा होतो. बोडका. त्या फेटेवाल्याची खोकी मांडून ठेवली होती आणि लोक फेटे उचलून घालत होते. शोभाताईनं एक आणून माझ्यापुढं धरला, मी नको म्हणालो. तिला वाटलं मी रुसलोय.

तेवढ्यात विशाल आला. अंगात शेरवानी, डोकं उघडं. कपाळ स्वच्छ होतं आणि पुढचे केस बोटभर वाढून उभे राहिले होते. त्याच्या हातात नव्या फेट्याचं कोरं कापड होतं, घडी न मोडलेलं. मागून त्याचे वडील आले आणि जरा लांब थांबले.

"मामा, फेटा बांधा," तो म्हणाला.

"अरे, तो माणूस आहे ना. त्याचे तयार आहेत."

"त्याचा गुडघा मी बघितलेला नाय," विशाल म्हणाला. "तुमचा बघितलाय."

आणि तो माझ्यासमोर खुर्चीवर बसला, मान खाली घालून. मी त्याच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, पण ते गेलेही नाहीत.

मी नळावर जाऊन साबणानं हात धुतले. मग परत येऊन त्याच्या डोक्यावर फेटा बांधला. तुरा पहिल्याच वेळेला ताठ उभा राहिला.